सुटेपर्यंत

सूर्यमाळ, आश्विन शु. ५, शके १८३५

चि. देवजीस अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल, नागली निसवली. तुझी वहिनी विचारते, शिपायाचा पट्टा लागल्यापासून दिराचे पोट वाढले म्हणतात, ते खरे का.

सुकऱ्या काल जव्हारहून आला. म्हणाला, सराव करताना फागूची मांडी मागून धरली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दसऱ्याची शर्यत जिंकला तर पोर टपाल घेऊन पळणारा सरकारी जासूद होईल, हे मला कळते. पण त्याचा पाय डोंगराचा. सपाटीवर सगळा जोर एका शिरेवर येतो. चोळू नका. सुटेपर्यंत त्याला पाऊलभरही पळू देऊ नकोस. माझे ऐकत नाही, तू काका आहेस, ऐकव. हिरव्या देवापुढे नारळ ठेवला आहे.

माया आहेच, ती राहू द्यावी.
तुका

जव्हार, आश्विन शु. ११

ती. दादांस शि. सा. दंडवत. वि. वि. काय लिहू. आपल्या आज्ञेप्रमाणे शर्यत सुटेपर्यंत फागूला पाऊलभर पळू दिले नाही. खाटेवर बसवून ठेवले. तो हसे, म्हणे, काका, मी काय नवरी आहे, हळद लावून बसवायला. काल बार झाला आणि तो सुटला. अर्ध्या मैदानापर्यंत सर्वांच्या पुढे होता. मग मांडीला हात लावला आणि कोसळला. वैद्य म्हणतात, मांस आतून तुटले. चालेल, पण पळणे संपले. मांडी काळीनिळी झाली आहे. तो भिंतीकडे तोंड करून पडतो, भाकर शिवत नाही. सारखे विचारतो, बा काय म्हणेल. रागवा, पण दोन ओळी लिहा.

आपल्या पायांशी जागा असू द्यावी.
देवजी

सूर्यमाळ, आश्विन शु. १३

चि. देवजीस आशीर्वाद. मी मांडी सुटेपर्यंत म्हणून लिहिले होते. तू शर्यत सुटेपर्यंत वाचलेस. मांडीचे नाव वर आलेच होते, म्हणून पुन्हा घातले नाही. देवापुढे बसतो, पण मागू काय ते सुचत नाही. त्याची आई येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, माझा फागू पहिला आला का. मी अजून सांगितलेले नाही.

हे पत्र सुकऱ्याबरोबर पुढे धाडून डोली आणि माणसे घेऊन आज निघतो. हा शब्दाचा घोळ फागूला कळू देऊ नकोस. त्याने देवाला दोष दिला तर देव सोसेल. तुला दिला तर तुला सोसणार नाही. मी पोचेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा.

तुझ्यावरचा लोभ होता तेवढाच आहे.
तुका