तलावात सोडलेला बिचिर

ता. लाखांदूर, ५ ऑगस्ट २०२४

ती. दादास,

सा. न. वि. वि. राखी पाठवायचीच होती, त्याच पाकिटात हे लिहिते. फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवरचं बोलणं बाबांच्या खाटेपर्यंत जातं.

काल मी आईसोबत लाखांदूरच्या बाजाराला गेले होते. परत आलो तेव्हा तू गाडीने निघून गेला होतास आणि काचेची टाकी रिकामी होती. झाकण नीट भिंतीला टेकवून ठेवलेलं. बाबा म्हणाले की बिचिर उडी मारून खाली पडला, मांजरीनं नेला. आई म्हणाली, एवढी हातभर मासोळी नेणारी मांजर मलेही एकदा दाखवा. बाबा हसले नाहीत. मोरीतल्या बादलीला तलावाच्या पाळीवरची लाल माती लागलेली होती.

बाबांना लकवा झाला त्या वर्षी तू नागपूरहून तो परदेशी मासा आणलास, तेव्हा बोटाएवढा होता. पाठीवर बारीक झेंड्यांसारखी परांची रांग. हवा घ्यायला वर आला की बाबा म्हणायचे, हा तं आपल्या मरळीच्या भावकीतला. तो होता म्हणून बाबा दिवसातून चार शब्द बोलत, हे मी विसरलेली नाही.

पण दादा, खरं लिही. तुम्ही दोघांनी तो तलावात सोडलात का? मच्छीमार सोसायटीने नुकतीच बोटुकली सोडली आहे. ती बोटाएवढी पिल्लं बिचिर गिळणार. आणि विचारल्याशिवाय बाहेरची मासोळी तलावात सोडायची नाही, हा नियम बाबांचाच. ते अध्यक्ष असताना सोमाजीकाकांनी बाहेरचा मांगूर सोडला, तर त्यांचं जाळं बाबांनी एक हंगाम बंद ठेवलं होतं. आज सोमाजीकाका अध्यक्ष आहेत. त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर बाबांच्या शब्दाला काय किंमत राहील? मला जेवण जात नाही.

लोभ आहेच, खरं लिहून तो वाढव.

तुझी नीतू


बुटीबोरी, ११ ऑगस्ट

चि. नीतूस,

अनेक आशीर्वाद. राखी मिळाली, बांधायला शेजारची रिता आहे. पत्र मात्र मास्तरणीनं कान धरावा तसं आहे.

हो, मीच सोडला. तुम्ही बाजारात गेल्यावर बाबांनी जवळ बोलावलं. म्हणाले, ज्या मासोळीनं हातचं खाल्लं तिले विकायच्या पाटीत घालायचं नसते आणि घरात मरूही द्यायचं नसते, हे माझ्या बापानं शिकवलं. मी आता फार दिवसांचा नाही, माह्यामागं याचं कोण करीन? टाकीत त्याला वळता येत नव्हतं, हे तूही पाहिलंस. बाबा रडले गं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांना दारात बसवलं आणि मी बादली घेऊन गेलो.

एक मासोळी सारा तलाव खाईल काय? जोडीला दुसरा नाही, पिल्लं व्हायची नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळ्यात सापडेल. तोवर कोणाला बोलू नको. हे पत्र वाचून फाडून टाक.

आईला नमस्कार. रागावलीस तरी जेवत जा.

तुझा दादा, लिलाधर


ता. लाखांदूर, १९ ऑगस्ट

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र फाडलं नाही. बाबांना वाचून दाखवलं, फाडून टाक म्हणालास तेसुद्धा. एक मासोळी तलाव खाणार नाही, हे मलाही कळतं. पण मांगूर सोडताना सोमाजीकाकाही हेच म्हणाले असतील. मी बाबांना म्हटलं की मी सोसायटीत सांगणार आहे. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी आईला म्हणाले, पांढरा सदरा काढ.

काल भैयाजींच्या ऑटोतून आम्ही बैठकीला गेलो. मी तोंड उघडायच्या आत बाबांनीच अडखळत सांगितलं. सोमाजीकाकांनी विचारलं की तलावापर्यंत नेला कोणी. बाबा म्हणाले, मी. सगळ्यांनी त्यांच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे पाहिलं आणि पुढे कोणी काही विचारलं नाही.

काहीजण म्हणाले, बिमार माणूस आहे, जाऊ द्या ना. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. सोमाजीकाका बाबांकडे वळले. मग म्हणाले, बुधरामभाऊ, तुम्ही मले बंद केलं तवा माह्या घरीही लहान लेकरं होते. नियम तोच राहीन. यंदा तुमच्या घरचा वाटा नाही. एवढं बोलून ते उठले आणि बाबांना धरून ऑटोत बसवलं. वाटेत बाबा म्हणाले, सोम्यानं बराबर केलं. त्यांचा आवाज लकव्याच्या आधीसारखा वाटला.

आई आता दुसऱ्यांची मासोळी घेऊन विकेल. आज सोसायटीने दोनदा जाळं टाकलं, बिचिर लागला नाही.

मला एकच गोष्ट सलते. बाबांनी ‘मी नेला’ म्हटलं तेव्हा मी गप्प बसले. खरं सांगायला गेले होते आणि अर्धंच सांगून परत आले. तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. ते बाबांसाठी की तुझ्यासाठी, हे मला अजून ठरवता येत नाही.

लोभ ठेव, पण मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको.

नीतू


बुटीबोरी, २४ ऑगस्ट

चि. नीतूस,

आशीर्वाद. पत्र कामावर जाताना वाचलं. दिवसभर हातात काम होतं आणि डोळ्यांपुढे बाबांचा तो हात.

पुढच्या रविवारी येतो. घरी पाणीही न पिता आधी सोमाजीकाकांकडे जाईन आणि बादली कोणी उचलली ते सांगेन. त्यांनी बंदी वाढवली तर आईला मी तोंड देईन, तू मध्ये पडू नको. बाबांना एवढं सांग की मला पाठीशी घालायचं वय आता गेलं.

आणि तू गप्प बसलीस याचा घोर करू नको. ते बोलणं माझं होतं. तिथे माझी जागा रिकामी होती, म्हणून ते कोणाच्याच तोंडून निघालं नाही.

लोभ असू दे, नसला तरी मी येतोच.

दादा