सीडीवरचा पंजा

३ जून २००३
आज कनेरगाव नाक्याच्या सीडी कारखान्यात लागलो. मायनं गावाहून, जवळा बाजारहून, ठेचा-भाकर बांधून दिली. काम झकास हाय. प्लास्टिकचे दाणे वितळून साच्यात जातात, तिथं ठसा दाबला की प्लेटीवर गाणी उमटतात. मग अॅल्युमिनियमचा मुलामा, वर लाखेचा थर. व्यंकटराव मालक म्हणाले, माल साफ निघाला तर कायम करतो. कायम झालो की मिनाला मागणी घालायला तिच्या बापाला तोंड दाखवता येईल.

१९ जुलै
डोकं उठलंय. प्रत्येक सीडीवर, मुलाम्याच्या आत, बोटाचा डाग. तिथं माणसाचा हात जातच न्हाई. ठसा पुसला, बदलला, तरी तेच. मालक म्हणतात, तूच हातमोजे घालत नसशील. घ्या, आलं आमच्याच माथी.

२ ऑगस्ट
आता चार बोटं, उजव्या हाताची. करंगळी अर्धीच. पॅकिंगच्या भिकाबाईनं माझा हात धरून पाहिला अन् चटकन सोडून दिला. माझी उजवी करंगळी लहानपणी कडबाकुट्टीत अर्धी गेलेली. तिनं तिच्या लमाणी तांड्यावर घागऱ्याला आरशाऐवजी लावलेले सीडीचे तुकडे उसवून परत आणले. म्हणाली, लेकरा, घरी जा. घरी जाऊन काय माती खाऊ?

२१ ऑगस्ट
पुरा पंजा. माल परत आला. मशीनचं दार उघडलं की ती थांबते अन् माल कमी निघतो, म्हणून मालकानं दाराचा स्विच तारेनं बांधून टाकला; आता दार उघडं असलं तरी साचा दाबतच राहतो. भ्या वाटते, खरं सांगतो. पण राग त्याहून जास्त. हात माझा, डाग माझा, शिव्याबी मलाच.

२९ ऑगस्ट, जेवणाची सुट्टी
सकाळपासून सीडी साच्यात चिकटून बसली. चिमटा सापडेना. मालक म्हणतात, हातानं काढ, न्हाईतर उद्यापासून येऊ नको. स्विच बांधलेलाच — मिनाचा बाप रविवारी येणार —

१४ सप्टेंबर
डाव्या हातानं लिहून राहिलो. उजवा दवाखान्यातच राहिला. मालकानं कायम केलं, तपासणीवर बसवलं. डाग बंद झाले. मिनाचा बाप येऊन गेला. नुसता चहा प्याला.

१६ सप्टेंबर
पुन्हा डाग. पंजा — अंगठा दुसऱ्या बाजूला — करंगळी पुरी. डावा हाय.
भिकाबाई काम सोडून गेली. मशीन अडकली. मालक हाक मारून राहिले, म्हणतात तुझ्याशिवाय कुणाला जमत न्हाई —
मी न्हाई जाणार. पण कायमची नोकरी —
चिमटा कुठं ठे