एजंट म्हणजे कोण?

सांगली, सोम. ८ जाने. १९४५
साताऱ्याहून दादांचं कार्ड. उघडं कार्ड! म्हणजे पोस्टमनपासून आत्यापर्यंत सगळ्यांचं वाचून झालेलं. 'एजंट म्हणजे दलाल. दलालाला मुलगी द्यायची नाही. प्रकृतीस जप.' संपलं. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, पण मुलीला लिहायला तीन वाक्यं!
चूक माझीच. म. बद्दल एवढं चार पानी पत्र लिहिलं, त्यात 'एका कंपनीचे एजंट आहेत' असं झोकात लिहिलं. तो विहिरीचं पाणी ओढायची तेल-इंजिनं शेतकऱ्यांना विकतो, शिवाय ती स्वतः जोडूनही देतो, हे लिहायचं राहिलंच.
आत्याचं तिसरंच. "एजंट म्हणजे गं, पोलिटिकल एजंट? संस्थानावर नेमलेला गोरा साहेब? त्यांना तर बँड लावून आणतात!" म. ला बँड! हसून हसून पोट दुखलं. मग रडले थोडी.

बुध. १०
शाळेत शिकवून येताना म. भेटला. सायकल हातात, हात तेलकट. कार्ड दाखवलं. मला वाटलं चेहरा पडेल, तर हा हसतोय! म्हणे, दलाल परवडला, तासगावकडे तर मार खाता खाता वाचलोय. हल्ली तिकडे भूमिगतांचा जोर, एजंट म्हणजे इंग्रज सरकारचा खबऱ्या. गावात शिरल्यावर ऐटीत ओळख करून दिली, तर दहा-बाराजणांनी धरून गोठ्यात नेलं.
"कुनाचा येजंट हायस रं तू? खरं सांग."
"इंजिनाचा!"
"इंजिनाचा म्हनतोय गड्या! दाव कुठं हाय इंजिन."
पिशवीतून कॅटलॉग काढून चित्रं दाखवली तेव्हा सुटला. वर गूळ-शेंगा मिळाल्या, शिवाय "आवं पावनं, मग आदी सांगायचं न्हाई व्हय!" लय भारी माणसं, म्हणतो. मला मात्र ऐकताना घाम फुटला होता. ते त्याला सांगितलं नाही.

शनि. १३
युक्ती! हा मेला शब्दच नको. दादांना नवं पत्र: 'ते कंपनीचे प्रतिनिधी आहेत.' शुद्ध संस्कृत. आता बोला म्हणावं!

शुक्र. १९
बोलले. 'प्रतिनिधी म्हणजे औंधास नोकरी आहे काय? मग आधी एजंट का लिहिलेस? खरे काय ते एकदा कळव.'
कप्पाळ माझं. साताऱ्यात प्रतिनिधी म्हटलं की औंधचे राजेसाहेब, दुसरं कोणी सुचायचंच नाही हे विसरले कशी! आधी नुसता दलाल होता, आता वर खोटी मुलगी. दादांना खोटं खपत नाही. मला भीती वाटते आहे, खरीखुरी.

बुध. २४
सापडलं सापडलं सापडलं!!
मधल्या सुट्टीत नगर वाचनालयात गेले. तो जाडा इंग्रजी कोश दोन्ही हातांनी उतरवला. एजंट. मूळ लॅटिन. हाकणे, चालवणे, करणे. म्हणजे एजंट = करणारा! दलाली-बिलाली मागाहून चिकटलेली. ॲक्ट, ॲक्शन, ॲक्टर सगळी ह्याचीच भावंडं. रसायनशास्त्रातसुद्धा एजंट, जो पदार्थ दुसऱ्यावर काम करतो तो. आणि ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात: संस्कृत अज्.
अज्!! दादांनी लहानपणी धातू पाठ करून घेतलेले, त्यातला. मी ओरडलेच. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. पाहू देत. पाचवीचा तास बुडाला, मुख्याध्यापिकाबाई बोलल्या, त्यांनाही हसून 'हो' म्हटलं.
हे कार्डावर लिहायचं नाही. स्वतः जायचं. रजा मागितली.

सातारा, रवि. २८
मोटारीत चार तास धूळ. पाय धुतले नाहीत तोच दादांना सांगितलं. सगळं. प्रतिनिधी कसा झाला तेही.
दादा आधी "हं." मग "साहेबाचा शब्द आमच्या धातूत कुठून आला?" मग उठले, आपले ग्रंथ काढले. मग सदऱ्याच्या बाह्या वर. चहा निवला, आई दोनदा हाक मारून गेली. एकदम मांडीवर थाप! "कमे, समाज! सम् अधिक अज्! एकत्र चालणारे ते समाज! तुझा एजंट आणि आपला समाज एकाच घरचे!" असे दादा मी पाहिलेच नव्हते. शेजारच्या वकीलकाकांना बोलावून पुन्हा सगळं सांगितलं. मी तर नाचायचीच बाकी होते.
मी हळूच, "मग दादा?"
"शब्दाचं कूळ उत्तम. आता मुलाचं बघू. रविवारी बोलाव. आणि अज म्हणजे बोकडही होतो, एवढं लक्षात ठेव."
बोलाव म्हणाले! बोलाव!! म. ला लगेच तार केली. शाळेला आठवड्याच्या रजेचा अर्ज.

रवि. ४ फेब्रु.
घाईत लिहिते आहे. स्वयंपाकघरात.
म. तीनला आला. कोट धुतलेला, नखं काळीच. दादांनी धातू-बितू काही काढलं नाही. सरळ विचारलं, "काय करता?"
"एजंट आहे." (शाबास!)
"म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं बोलता. इथं कुणाच्या वतीनं आलात?"
"माझ्याच."
"वडील?"
"त्यांना अजून सांगितलं नाही. आधी तुमचा नकार ऐकून घ्यावा म्हटलं."
दादा माझ्याकडे वळले. "महिनाभर तू ह्यांच्या वतीनं बोलते आहेस. पत्रं काय, कोश काय. एजंट तर तूच. तुझ्या वतीनं कोण बोलणार?"
खरंच की. इतकं सगळं लिहिलं, पण मला काय हवंय ते एका पत्रात नाही. एजंटचा अर्थ सांगितला, माझा नाही.
आई दारात. वकीलकाका पान चघळायचे थांबले.
म्हटलं, "मीच बोलते. मला हे पसंत आहेत."
'हे'! 'तो' नाही, 'ते' नाही. लग्न झालेल्या बायका म्हणतात तसं 'हे'. तोंडातून गेलंच. आईच्या हातून फुलपात्र पडलं. म. लाल.
दादांनी टोपी घातली, काठी घेतली. "येतो," म्हणाले नि बाहेर पडले. 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. वकीलकाकाही मागोमाग गेले.
साडेपाच वाजले. म. सोप्यावर तसाच ताठ बसलाय. आईनं पोहे दिले ते खात नाही. आईनं आत येऊन एवढंच विचारलं, "ह्यांना चहात साखर किती लागते गं?"
दादा अजून आले नाहीत.