कार्डावरची दुसरी माशी

मॅडम,

ती माशी इथलीच निघाली. आमच्या दुकानातून आलेली नव्हती. हे ऐकून तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असता ते मला पाठ आहे: "कशावरून?" कशी आहेस नाही, कुठे असतेस नाही, आधी कशावरून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेत कुणी मला आनंदाची बातमी सांगितली की माझ्या तोंडून हाच शब्द निघतो. माझे विद्यार्थी मागे मला त्याच नावाने ओळखतात असा मला संशय आहे.

आपली अकोल्याची प्रयोगशाळा म्हणजे शहराच्या कडेचं एक जुनं क्वार्टर. बाहेरच्या खोलीत तुमचं टेबल आणि सूक्ष्मदर्शक, आतल्या खोलीत भरडलेल्या ज्वारीचे डबे आणि त्यात पोसलेले धान्यातले पतंग, आणि खरं काम स्वयंपाकघरात, ओट्यावर. जिथे कुणीतरी एके काळी भाकरी थापल्या असतील तिथे मी आणि तुम्ही पतंगाची अंडी चाळून, डिंक लावून कार्डावर चिकटवतोय. मग त्यांच्यावर ट्रायकोग्रामाच्या माश्या सोडायच्या. माशी आपण म्हणायचो, ती असते धुळीच्या कणाएवढी गांधीलमाशी. दुसऱ्या किड्याच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, आणि तिची पिल्लं ते आतून खाऊन बाहेर पडतात. अंडी काळी पडली की कार्ड तयार. शेतकऱ्याने त्याच्या पट्ट्या कापून कपाशीच्या पानाखाली टाचायच्या, म्हणजे माश्या निघून बोंडअळीची अंडी शोधतील. ओट्यावर एक खिडकी होती. तिच्या फटींना तुम्ही स्वतः चिकटपट्टी लावलेली. बाहेरचं काही आत येता कामा नये, हा त्या स्वयंपाकघराचा पहिला आणि शेवटचा नियम. आत पतंगांच्या पंखांची भुकटी इतकी उडायची की नाकाला ओढणी बांधूनही घरी गेल्यावर माझ्या थुंकीत ती दिसायची. तुम्ही तर त्या भुकटीत माझ्या कितीतरी आधीपासून होता.

ती वर्षंच संशयाची होती. बियाण्याच्या पाकिटात काय निघेल याचा भरवसा नाही, औषधाच्या बाटलीत औषध आहे की नुसता वास हे फवारल्यावर कळणार. गावात जीप आली की लोक आधी विचारायचे, सर्व्हेवाले की कंपनीवाले. आपलं कार्ड हातात घेऊन एकाने मला तोंडावर विचारलं होतं, "खसखस चिकटवून देऊन राहिले काय हो बाई?" मी ओशाळले. तुम्ही आतून खुश होऊन बाहेर आलात आणि म्हणालात, "याले आधी दे. हा पाहून तरी राहिला." तुम्ही स्वतः कमी नव्हता. दुधात पाणी, रिक्षाच्या भाड्यात खोट, मोठ्या साहेबांच्या हसण्यात काहीतरी. डॉक्टरांनी छातीसाठी हवा बदलायला सांगितली म्हणून चार दिवस चिखलदऱ्याला गेलात आणि दोन दिवसांत परत आलात. तिथे पिकलेली म्हणून दिलेली कॉफी खरंच तिथलीच आहे का यावर तुमचं हॉटेलवाल्याशी भांडण झालं होतं. मला तुमचं हसू यायचं आणि तुमच्यासारखं व्हावंसंही वाटायचं.

ज्वारी आमच्या दुकानातून यायची. जुन्या शहरातलं अब्बांचं धान्याचं दुकान तुम्ही स्वतः पसंत केलं होतं. पहिल्या दिवशी तुम्ही पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मूठभर ज्वारी काढलीत, हुंगलीत आणि अब्बांना विचारलंत, "औषध मारलं नाही ना? माझे किडे मरतीन." किडे मरू नयेत म्हणून धान्य घेणारं गिऱ्हाईक अब्बांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते घरी अम्मीला सांगत राहिले आणि हसत राहिले. त्यानंतर तुमचं पोतं ते वेगळं ठेवायचे, त्याच्या आसपास कीड मारायची गोळीसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. ती नोकरी मला त्या ज्वारीमुळे मिळाली असं मला कधीकधी वाटतं, पण त्याबद्दल मला राग नव्हता.

मग नांदगाव खंडेश्वरकडची ती काकू आली. तुम्हाला आठवत असेल, डोक्यावर टॉवेल टाकून एसटीने यायची, नवरा असून शेतीचं सगळं तीच पाहायची. ऑक्टोबरच्या उन्हात आली, पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "मॅडम, यंदाच्या कार्डानं काम केलं बाप्पा. बोंडं साफ हायेत. शेजारचे इचारून राहिले, काय मारलं म्हणून." मी पेढे आणायला निघाले होते. तुम्ही बसल्या जागी म्हणालात, "चांगलं कावून झालं?"

काकू हसली. तिला वाटलं तुम्ही थट्टा करताय. तुम्ही थट्टा करत नव्हता. आपण बाहेरगावाहून आणलेली ती जात अकोल्याच्या उन्हात टिकत नाही, अर्ध्या माश्या कार्डावरच मरतात, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही ते वर कळवलंही होतं. मग या खेपेला त्या टिकल्या कशा? दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलात. या माश्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की मादीवरून काही कळत नाही, नर पाहावा लागतो, आणि नराच्याही पोटाच्या टोकाचा भाग. मी पोरगी म्हणून तुम्ही त्याला नुसतं 'शेवट' म्हणायच्या. "याचा शेवट पाह्य. आता याचा पाह्य." मला दोन्ही सारखेच दिसले. तुम्हालाही खात्री नव्हती, तुमच्या आवाजावरून कळत होतं. पण एक शेवट किंचित निमुळता होता, आणि तेवढं तुम्हाला पुरलं. आपल्या डब्यांत दुसरी कुठली तरी माशी घुसली होती.

त्यानंतरचा अर्धा तास मी इतक्यांदा आठवलाय की त्यातलं मूळ किती आणि मी भरलेलं किती, सांगता येणार नाही. तुम्ही ओट्याला टेकून उभ्या आहात, खोकताय, आणि खोकला थांबल्यावर म्हणताय, "बाहेरून काय येते आपल्याकडे? ज्वारी येते. अन् तू येते." मी म्हटलं, मॅडम, आमच्या दुकानात असलं काही नाही. तुम्ही म्हणालात, "तुले कसं मालूम? तू पाह्यलं?" मी पाहिलेलं नव्हतं. मग आतलं सगळं मरावं म्हणून तुम्ही सगळे डबे, सगळी कार्डं मला फ्रीजरमध्ये ठेवायला लावलीत. माझ्याच हातांनी. कार्डांवरची अंडी काळी झालेली होती, उद्या-परवा माश्या निघाल्या असत्या. पुढच्या आठवड्यापासून ज्वारी दुसरीकडून आली. मी घरी काही बोलले नाही. पोतं पडून राहिलं तेव्हा अब्बांनीच ओळखलं. त्यांनी ते पोतं उघड्या मालात ओतलं आणि म्हणाले, "जाने दे बेटा. मॅडम को माल नहीं जमा होगा." त्यांना राग आला नाही याचा मला तुमच्या संशयाहून जास्त राग आला. आपल्यावर संशय घेतला की माणसं भांडतात, ओरडतात. आमच्या घरी संशयाची इतकी सवय का होती, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला, आणि तुम्ही नुसत्या पोत्याबद्दल बोलत होता की आमच्याबद्दल, हेही मी बरीच वर्षं धरून बसले.

नवी पैदास बाहेरून मागवली, शुद्ध, लेबल लावलेली. काकू पुढच्या हंगामात पुन्हा आली. यावेळी बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, "मॅडम, या कार्डात जीव नाई." तुम्ही म्हणालात, "तेच कार्ड आहे." ती तुमच्याकडे पाहत राहिली. तिचाही तुमच्यावर संशय होता, आणि त्या वेळी मला तो पटला. ती परत कधी आली नाही.

तुम्ही नोकरी सोडून अमरावतीला भावाकडे राहायला गेलात. मी भेटायला आले तेव्हा चार वाक्यं बोलायला तुम्हाला दोनदा थांबावं लागत होतं. तुम्ही मला एक डबी दिलीत. आत काचपट्ट्या, आणि एका कुपीत अल्कोहोलमध्ये त्या खेपेच्या मेलेल्या माश्या. "हे ठेव. मी चुकली असंन तं कोणाले समजलं पाहिजे." तोपर्यंत मी समजत होते की तुमचा संशय जगात फक्त एका माणसावर कधी येत नाही. त्या दिवशी तरी माफी मागाल, निदान अब्बा कसे आहेत विचाराल, अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही विचारलं नाहीत. परत येताना एसटीत मी डबी मांडीवर घेऊन रडले, आणि ते तुमच्या तब्येतीसाठी नव्हतं.

आता कशावरून ते ऐका. मी इतकी वर्षं वेगवेगळ्या प्राण्यांवर हेच काम करते, दिसायला एक पण आत दोन असलेल्या जाती शोधायचं. तुमची डबी उघडायची हिंमत मात्र फार उशिरा झाली. एका माशीत आनुवंशिकतेचा मजकूर एकदाच तपासता येईल इतकाच ऐवज असतो आणि त्यासाठी ती भरडावी लागते. म्हणून आधी आकार, मग रस. प्रत्येकीच्या पंखाचा फोटो काढायचा, त्याच्या कडेवर आणि शिरांवर ठरावीक ठिकाणी खुणा करायच्या आणि त्यांची ठेवण ताडून पाहायची. लहानमोठेपणाला किंमत नाही, मोठ्या अंड्यातून निघालेली माशी मोठीच असते. ठेवण बदलत नाही. कुपीतल्या माश्यांचे सरळ दोन गट पडले. नंतर भरडून पाहिलं तर तेच दोन गट. एक आपली मागवलेली जात. दुसरी कुठल्याच यादीत नाही. तुमचा तो किंचित निमुळता शेवट खरा होता, मॅडम. मी खुर्चीवरून उठून एकटीच खोलीत फिरले आणि मग मलाच विचारलं, आली कुठून?

म्हणून दोन हंगाम मी वऱ्हाडात फिरले. नांदगावच्या बाजूला लोकांनी विचारलं, "कोणत्या कंपनीच्या तुमी?" मी किड्यांची अंडी गोळा करते म्हटल्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही, आणि मला तिथे फार घरी आल्यासारखं वाटलं. जुन्या शहरातल्या धान्याच्या दुकानांतून, गोदामांतून मी झाडलोट पिशव्यांत भरून आणली. अब्बांच्या दुकानातूनही, ते आता माझा चुलतभाऊ चालवतो. त्या कचऱ्यात ती माशी कुठेच नाही. उभ्या ज्वारीत आहे. नांदगावला आहे, आणि आपल्या क्वार्टरच्या मागे नाल्यापलीकडे जो ज्वारीचा तुकडा अजून पेरतात, तिथे आहे. कुपीतल्या माश्यांचा सगळ्यांत जवळचा मेळ त्या तुकड्याशी बसतो. अकोल्याचं ऊन ती आरामात सोसते, ते मी प्रयोगशाळेत तापवून पाहिलं. एका काकूच्या वावरावरून निष्कर्ष काढायचा नाही हे तुमचंच शिकवणं, म्हणून काढत नाही. पण आपण घुसखोर म्हणून जिला फ्रीजरमध्ये घातलं ती इथली होती, आणि जिला जपलं ती पाहुणी. इथली माशी आपण होऊन आपल्या ओट्यावर आली होती. तुम्ही हे ऐकायला हव्या होता असं मला वाटतं, आणि तुम्ही नाही आहात हे बरंच झालं असंही वाटतं.

आत कशी आली, हेही मला माहीत आहे. तुम्हाला भेटून आल्यावर पुढे क्वार्टर रिकामं करायला मीच होते. खिडकीवरची चिकटपट्टी खरवडून काढताना डाव्या झडपेला एकच थर होता. उजव्या झडपेला थरावर थर, जुन्यावर नवा, त्याच्यावर आणखी नवा. ती झडप ज्वारीच्या वावराकडे उघडायची. मी जेवून परत यायचे तेव्हा तुम्ही ओट्यापाशी उभ्या असायच्या आणि तुमचा श्वास सकाळपेक्षा मोकळा असायचा, ते मला तिथे उकिडवं बसल्यावर आठवलं. त्या वेळी मी फक्त पट्टी गोळा करून टाकून दिली. माझ्यावर संशय घेताना तुम्हाला हे आठवत होतं का, एवढंच मला विचारायचं होतं, आणि तुम्ही काय सांगाल या भीतीने मी पुन्हा अमरावतीला आले नाही.

माशीला तुमचं नाव दिलंय. लेख तयार आहे. ही जात पैदाशीत शिरली कशी, ते एका वाक्यात लिहायचं होतं, आणि त्या एका वाक्यासाठीच मी हे सगळं काम हाती घेतलं होतं. दुकानाचा त्यात काही संबंध नाही, हे छापलेलं मला पाहायचं होतं. अब्बा आता नाहीत, पण असते तरी त्यांनी ते वाक्य वाचलं नसतं. मी खिडकीचं लिहिलं, मग दुपारभर त्याच्याकडे पाहत बसले. श्वास घेता यावा म्हणून एका बाईने दुपारी खिडकी उघडली, हे मला छापता येईना. जाने दे, म्हटलं.

प्रवेशाचा मार्ग माहीत नाही, असं लिहिलंय, मॅडम. तुम्ही असता तर त्या वाक्यावर पेन्सिलने 'कशावरून?' लिहिलं असतं.