न आलेल्या ढगाबद्दल आभार

तीर्थरूप काकांस, साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायचा तर इथे शेडमध्ये जिकडेतिकडे विमानाचं तेल सांडलेलं आहे; तेव्हा मनातल्या मनात घातला असं समजावं, आशीर्वाद मात्र पुरता द्यावा.) तुमचा खोकला एव्हाना उतरला असेल आणि काकूंनी तुम्हाला तरीही गच्चीवर जाऊ दिलं नसेल, अशी आशा आहे. मी पास झाले. हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पण आपल्या घरात वडीलधाऱ्यांची तब्येत विचारल्याशिवाय बातमी फोडायची सोय नाही.

परीक्षा जवळ आली की इथली एक रीत आहे. आमचे शिक्षक (अंगाने कपाट, बोलण्याने कुलूप) सकाळी आभाळाकडे बघणं सोडून देतात आणि खुर्चीत बसून पेपर वाचतात. उडायचं की नाही हे शिकणाऱ्याने ठरवायचं. विमान चालवायची हाताला सवय होते हो काका. पण ढग किती उंचावर आहेत, वारा धावपट्टीला आडवा आहे का, लांबची पाण्याची टाकी स्पष्ट दिसते का, हे बघून तोंडाने 'हो' म्हणायचं म्हटलं की माझं घोडं अडायचं. सुरुवातीला मी सरसकट 'नाही' म्हणत सुटले. आभाळ निळं असलं तर इतकं निळं कसं, यात काहीतरी डाव असणार, असं वाटायचं. मेकॅनिकने रिकामपणी विमान इतक्या वेळा धुतलं की आता काही उडालंच तर त्याचा रंग उडेल, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. मग एके दिवशी मी चिडून 'हो' म्हटलं. वारा आडवा होता, मला दिसतही होता, पण लोक काय म्हणतील या भीतीने विमान वर नेलं आणि खेकड्यासारखं तिरकं तिरकं खाली आणलं. शिक्षकांनी उतरल्यावर आपल्या दोन्ही हातांची बोटं तपासली, सगळी जागेवर आहेत असं बघितलं आणि चहाला गेले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक लांबून आले होते. संध्याकाळी परत जाणार, आणि त्यांची पुढची फेरी इतकी उशिरा की लायसन्सची वाट बघत थांबलेली माझी नोकरी तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडली असती. आभाळ लख्ख. पण हवामानाच्या कागदावर लिहिलं होतं की आम्ही परतायच्या सुमाराला डोंगराकडून ढग खाली येतील. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला तुम्ही आठवलात. गाडीत सामान भरलेलं, आम्ही मुलं खिडक्या धरून बसलेली, आणि तुम्ही फाटकाशी मान वर करून उभे. जायचं आभाळ सगळेच बघतात, यायचं बघावं, असं म्हणून तुम्ही सगळ्यांना खाली उतरवायचात. (आणि मग दिवसभर टळटळीत ऊन. आम्ही तुम्हाला 'वेधशाळा' म्हणायचो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.) मी परीक्षकांना 'नाही' म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा 'नाही' म्हटलं.

यानंतर काका, ढगाने यायला हवं होतं की नाही? आला नाही. परीक्षक आणि मी कँटीनच्या खिडकीत बसून त्याची वाट बघत होतो, जशी काही मुलाकडची मंडळी यायची होती. दुपार गेली. डोंगरावर एक कापसाएवढा ढग दिसला, मी आनंदाने उभी राहिले, तर तो विरून गेला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तुम्ही त्या उन्हात, घरभर फुगलेली तोंडं बघत, आरामखुर्चीत कसे बसत असाल ते मला त्या खिडकीत कळलं. संध्याकाळी परीक्षक उठले आणि म्हणाले, "निर्णय बरोबर होता. ढग चुकला." मग त्यांनी घरी फोन करून मुक्काम वाढवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं आणि यायचं अशी दोन्ही आभाळं बघून मी 'हो' म्हटलं. काका, विमान मला शिक्षकांनी शिकवलं, पण भर उन्हात 'नाही' म्हणून दारातून परत फिरायला तुम्ही शिकवलंत. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

तुमची धाकटी पुतणी

ता. क. : आता मला शेजारी माणूस बसवून उडता येतं. पहिला मान अर्थातच तुमचा. रविवारी यावं.

ता. क. २ : वरचं लिहून झाल्यावर काकूंचा फोन आला, आणि रविवारचं मी बोलून गेले. म्हणाल्या, यांचं आभाळ बघून होईपर्यंत मी जाऊन परत येते. लग्न झाल्यापासून फाटकाबाहेर न पडलेली प्रवासाची बॅग त्यांनी भरायलाही घेतली आहे. (अर्ध्या तासाची फेरी आहे, बॅग लागत नाही, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.) तेव्हा पहिला मान त्यांचा. तुम्ही तरीही सोबत याच. रविवारी हवा बिघडली तर काकूंना 'नाही' कोण सांगणार? माझी काही एवढी छाती नाही.