गव्हर्नरचा आहार

२४ मे १९५९, रविवार
कालच्या बोटीने मेव्हणा बाबू आला. परदेशी जहाजावर खलाशी आहे. बहिणीला साडी आणि मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक जिवंत इग्वाना. दक्षिण अमेरिकेचा. दिसायला घोरपडीचा चुलतभाऊ, पण हिरवागार, आणि गळ्याखाली पिशवी. ऐट बघून नाव ठेवले गव्हर्नर. काय खातो ते बाबू सांगू लागला, मी थांबवले. बारा वर्षे हायस्कुलात सायन्स शिकवतोय, आता खलाशी मला शिकवणार?
निश्चय: आहार, ऊन, आंघोळ, सगळे जातीने बघणे. बायकोवर, म्हणजे कावेरीवर, काहीही टाकायचे नाही.

२५ मे
ताजा बांगडा ठेवला. ढुंकून पाहिले नाही.

२७ मे
काल पेडवे, आज कोलंबी. तोंड फिरवतो. कावेरी म्हणाली, "ह्येका पालो घालून बघा." हसू आले. पाला शेळ्या खातात. मालवण बंदरात उतरून मासे नाकारणारा जीव अजून जन्माला यायचा आहे. प्रश्न फक्त चिकाटीचा.

३० मे, सकाळी ८
विजय! ताटली लख्ख. बांगडा काट्यासकट गायब. कावेरीला बोलावून दाखवले. ती ताटली विसळायला घेऊन गेली. हार मानायला मोठे मन लागते.

१४ जून, रविवार
पावसाळा लागला, होड्या वर ओढल्या, ताजे मासे बंद. सुका बांगडा दिला, तोही फस्त. आहाराचा तक्ता करून भिंतीला लावला. बाबूच्या पत्त्यावर सविस्तर पत्र टाकले, त्याच्या ज्ञानात भर पडावी म्हणून.
संध्याकाळी दाजी आला. आरतीच्या मेळ्यात घुमट वाजवतो. घुमटाला घोरपडीचे कातडे लागते आणि त्याचे फाटले आहे. गव्हर्नरकडे बघत राहिला, म्हणाला, "मेलो तर आधी माका सांग." मी म्हटले, चतुर्थीच्या आत मेला तर कातडे तुझे, शब्द देतो. असा शब्द द्यायला आत्मविश्वास लागतो.

५ ऑगस्ट
श्रावण लागला. आईने, म्हणजे माईने, बजावले, "श्रावणात माज्या घरात मासो येवचो नाय." मग गव्हर्नरने खायचे काय? म्हणाली, "उपास करूंदे." काळजी वाटते. दाजी दोनदा डोकावून गेला.

१६ ऑगस्ट
चमत्कार. अकरा दिवस पाण्याशिवाय पोटात काही नाही, तरी अंग धरतोय! गव्हर्नर श्रावण पाळतो. शाळेत सांगितले, हेडमास्तर बराच वेळ माझ्याकडे बघत होते. बहुतेक भारावले असावेत. माई आता त्याला लांबून नमस्कार करते.

२८ ऑगस्ट, शुक्रवार
सासूबाईंचा पाय मुरगळला. कावेरी जामसंड्याला गेली. एस.टी. सुटताना खिडकीतून परसातल्या जास्वंदीचे काहीतरी सांगत होती. म्हटले, भर पावसात झाडांना पाणी कशाला? काळजी करू नकोस.

३० ऑगस्ट
गव्हर्नर मलूल. डोळे मिटून पडून आहे. उपास बाधला, दुसरे काय? माईच्या नकळत खाडीचा मासा आणून पुढे ठेवला. शिवला नाही. इतकी कडक निष्ठा बरी नव्हे.

१ सप्टेंबर
रंग उडाला. दाजी सुतळी घेऊन आला आणि सरळ माप घेऊ लागला. डोक्यापासून शेपटीपर्यंत. गव्हर्नरने पायही हलवला नाही. दाजीला हाकलून द्यावेसे वाटले, पण शब्द दिलेला. वर्गात भरती-ओहोटीची कारणे उलटी सांगितली. मला गव्हर्नर हवा आहे. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.
एस.टी.च्या कंडक्टरबरोबर कावेरीला चिठ्ठी धाडली. कारण लिहिले: कौटुंबिक.

२ सप्टेंबर
कावेरी दुपारी आली. हातातली पिशवी माझ्याकडे देऊन तशीच भिजत परसात गेली आणि ओंजळभर तांबडी जास्वंद आणि लाल माठ घेऊन आली. दाजी सुतळी धरून बसलेलाच होता. पहिले फूल तिने गव्हर्नरच्या तोंडाला लावून धरले. त्याने एक डोळा उघडला. मग चावले. मग दुसरे. सहा फुले आणि लाल माठाची पाने, तिच्या हातून. दाजी सुतळी गुंडाळून निघून गेला.
विचारले, हे कधीपासून? म्हणाली, "पयल्या आठवड्यापासून. रोज." मग माझे बांगडे? "धुवन तुमच्याच कालवणात घातलंय. टाकूचे काय?"
म्हणजे तक्ता गव्हर्नरचा आणि आहार माझा. माईला फार हसू आले. दोनदा ठसका लागला.
इतके दिवस सांगितले का नाहीस, असे विचारले. म्हणाली, सांगितले होते, तुम्ही हसलात.

४ सप्टेंबर
गव्हर्नर बरा आहे. रंग परत आला. मनापासून आनंद झाला.
तक्ता भिंतीवरून काढला. सकाळी परसातून एक चांगले टपोरे फूल निवडून आणले आणि त्याच्यापुढे धरले. बराच वेळ धरले, हात अवघडला. त्याने मला नीट बघितले आणि पाठ केली. कावेरी म्हणाली, "हाडा हय." आणा इकडे, म्हणून तिला दिले. तिने धरले, त्याने खाल्ले.
आता मी काय करायचे ते तिला विचारले. म्हणाली, फुले तोडून आणत जा, आठ पुरतात.
आणून दिली. आठही खाल्ली. ती मी तोडली होती, हे त्याला कोणी सांगितले नाही.