ते दोन टप्पे

३ जुलै, मलकापूर
पुण्याची मीटिंग, घरूनच. प्रोसेसरच्या पोटातला मायक्रोकोड, म्हणजे प्रत्येक हुकमाचे बारीक टप्पे, आमचे टीमप्रमुख लेले सर अजून हाताने लिहितात, एकेक बिट मांडत. मी बनवलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार सरळ ओळी लिहा, टप्पे ती आपोआप पाडते. तीन वर्षं घातली तिच्यात. आज भागाकाराला सरांचे नऊ टप्पे, तिचे अकरा. टप्पे कमी तितका वेग जास्त, म्हणजे मी हरले. सर म्हणाले, मशीनने काढलेला कोड मंदच असायचा. सगळे हसले. त्यांचे नऊ घासायला बारा वर्षं लागली, माझे अकरा चहा होईस्तोवर झाले, हे कुणी विचारलं? डोकं फिरलंय.

५ जुलै
जास्तीचे दोन कुठले ते शोधले. थांबण्याचे आहेत. मेमरीतून आकडा येईपर्यंत थांब, एवढंच. जुन्या चिपवर तो वेळेत यायचा, सरांनी थांबणं लिहिलंच नाही. आता येणाऱ्या नव्या चिपवर त्याला कधीमधी उशीर होतो, मग उत्तर चुकतं. माझी भाषा थांबते, सर थांबत नाहीत. आणि मंद कोण, तर मी.

६ जुलै
सरांना फोन. ऐकून घेतलं. मग म्हणाले, ते दोन टप्पे हाताने काप, खाली सही कर, तुझी भाषा सगळ्या टीमला लावतो. म्हणजे चुकलं तर अडकणार मी, सही माझी! लाच आहे ही, दुसरं काय. तरी दिवसभर मनात तेच. सगळी टीम, माझी भाषा...

८ जुलै
कापून पाहिलं. नव्या चिपचा बोर्ड घरीच आहे, सकाळपासून चालवला. एकदाही चुकेना. सरांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. साडेचारला एक उत्तर चुकलं. तेच आकडे पुन्हा दिले, बरोबर. पुन्हा, बरोबर. सरांना कळवलं. उत्तर: "परत चुकवून दाखव. नाहीतर उद्या दहाला सही."

९ जुलै
सकाळपासून पुन्हा तेच. चुकत नाही. आई बाजाराची भेंडी निवडत होती, तिच्यापाशी सगळं ओकले.
"तुले चुकलेलं दिसलं ना?"
"हाव. एकच डाव."
"मंग त्याईले काऊन दाखवत बसली? सही तं तुही हाय."

पावणेदहा. खरंच की, सही माझी आहे. दोन्ही टप्पे परत घातले. अकरा टप्प्यांखाली सही केली, सरांना पाठवलं. आता सर हे अकरा घेतात, की माझी भाषाच बंद करतात... फोन वाजतोय, सरांचाच. अजून दहा झालेले नाहीत.